न वापरताही मोबाइलची बॅटरी का उतरते?



गेल्या खरिपात नरडाणा (ता. शिंदखेडा, जि. धुळे) शिवारात कपाशीची पाहणी करताना एका शेतकरी बंधूंनी कपाशीऐवजी मोबाइलचीच तक्रार मांडली. "सर, रातले नव्वदवर ठेवस, सकायले तीस." त्यांच्या फिडरला त्या आठवड्यात रात्रीची पाळी होती. विहिरीवरचा मोबाइल ऑटो फोनवरून चालू-बंद होतो. परंतु हातातला फोनच बंद पडला, तर चालू मोटर थांबविण्यासाठी अंधारात शेत गाठावे लागते. दुकानदाराने नवीन बॅटरी सुचविली होती. ती घेण्यापूर्वी तीन रात्री थांबावे, असे आम्ही त्यांना सांगितले.

मोबाइलचा पडदा बंद झाला म्हणजे फोन झोपला, असे आपण धरून चालतो. ते नेहमी खरे नसते. पडदा विझल्यावर थोड्याच वेळात आतील प्रोसेसरनेही झोपावे, अशी रचना असते. गाणे चालू असेल किंवा फाइल उतरत असेल, तर ते अ‍ॅप 'जागे राहा' अशी मागणी करते. या मागणीला वेकलॉक म्हणतात. काम संपल्यावर ही मागणी मागे घ्यायची असते. काही अ‍ॅप ती मागे घेत नाहीत, आणि रात्रभर बॅटरी जळत राहते. घरातला दिवा बंद, पण विहिरीवर मोटर चालूच, असा हा प्रकार आहे.

अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून (आवृत्ती ६) न हलविलेल्या, चार्जरला न लावलेल्या फोनमधील अ‍ॅपना आपोआप रोखण्याची सोय आली. परंतु अ‍ॅप उघडताना विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला आपण न वाचता 'परवानगी द्या' म्हणतो, आणि त्यातूनच एखादे अ‍ॅप या सोयीतून सुटते. गूगलने २०२५ मध्ये अ‍ॅप बनविणाऱ्यांसाठी निकष जाहीर केला. त्यानुसार पडदा बंद असताना २४ तासांत एकूण २ तासांहून अधिक काळ फोन विनाकारण जागा ठेवणे प्रमाणाबाहेर समजले जाते.

कारण कसे शोधावे?

प्रयोग प्लॉटवर आपण एका वेळी एकच घटक बदलतो. येथेही तसेच करावे. तिन्ही रात्री फोन सारख्याच टक्क्यांवर, त्याच जागी, चार्जर काढून ठेवावा व सकाळी त्याच वेळी टक्के लिहून घ्यावेत.

पहिल्या रात्री काहीच बदलू नये. आठ तासांत ५ टक्क्यांच्या आसपास घट साधारण समजावी. १५ च्या पुढे गेल्यास शोध घ्यावा. दुसऱ्या रात्री विमान मोड लावावा. घट एकदम कमी झाली, तर दोष रेंजचा किंवा इंटरनेटवर सतत जाणाऱ्या अ‍ॅपचा. रेंज कमी असली की फोन टॉवरशी संपर्क ठेवण्यासाठी जास्त शक्ती खर्च करतो; पत्र्याच्या घरात फोन खिडकीजवळ ठेवून पाहावा. तिसऱ्या रात्री विमान मोड काढून सेफ मोड लावावा. पॉवर बंद करण्याचा पर्याय बोटाने दाबून धरल्यास बहुतेक फोनमध्ये तो येतो. त्यात आपण उतरवून घेतलेली अ‍ॅप चालत नाहीत. सकाळी फोन पुन्हा सुरू केला की सर्व पूर्ववत होते.

आमच्या शेतकरी बंधूंचा फोन विमान मोडमध्येही निम्म्यावर आला, सेफ मोडमध्ये मात्र ४ टक्केच उतरला. म्हणजे बॅटरी चांगली होती. सेटिंग्जमधील 'बॅटरी वापर' यादीत वरच्या बाजूला ट्रॅक्टर भाड्याने देण्यासाठी घेतलेले एक अ‍ॅप सापडले. हंगामानंतर ते कोणी उघडलेही नव्हते, पण त्याला स्थानाची परवानगी 'नेहमी' दिलेली होती. ते काढून टाकले. नव्या बॅटरीचे पैसे वाचले.

अ‍ॅप गरजेचे असेल, तर त्याच्या माहितीत जाऊन बॅटरीचा वापर 'प्रतिबंधित' करावा व स्थान 'अ‍ॅप वापरतानाच' एवढेच ठेवावे. काही फोनवर शब्द थोडे वेगळे असतील. ई-पीक पाहणीला स्थान लागते, पण ते बांधावर फोटो काढताना, रात्री नव्हे. याउलट विजेची पूर्वसूचना देणाऱ्या 'दामिनी'ला (पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे अ‍ॅप) रोखू नये. त्यासाठी थोडी बॅटरी खर्च झाली तरी चालेल. 'बॅटरी वाचवा' म्हणणारी फुकटची अ‍ॅप मात्र घेऊच नयेत. ती स्वतःच जागी राहतात.

सेफ मोडमध्येही घट तेवढीच राहिली, किंवा फोन ४० टक्क्यांवरून अचानक बंद पडत असेल, तर बॅटरी थकली असण्याची शक्यता अधिक. आपल्याकडील मे महिन्याच्या उन्हात ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवलेल्या फोनची बॅटरी लवकर थकते. मागचे झाकण फुगलेले दिसल्यास फोन चार्जिंगला लावू नये; बंद करून दुरुस्तीला न्यावा.