दोनशे अधिक शंभर, उत्तर चव्वेचाळीस!

लॅबमध्ये दोन फोटो एकमेकांत मिसळायचे होते. सोपं वाटलं: नमपायमध्ये दोन्ही ॲरेंची बेरीज केली, दोनने भागलं. पण जिथं फोटो उजळ, तिथंच काळे डाग! एरर मात्र एकही नाही.

झालं असं. फोटोतला प्रत्येक आकडा 'यूइंट८' प्रकारचा, म्हणजे आठ बिटांचा. त्यात ० ते २५५ एवढंच मावतं. २०० आणि १०० मिळून होणारे ३०० मावत नाहीत. २५६ गळून पडतात, ४४ उरतात.

मग नमपाय मोठा प्रकार का घेत नाही? कारण उत्तराचा प्रकार ठरवताना ते ॲरेतले आकडे पाहत नाही, फक्त दोघांचे प्रकार पाहतं. प्रकार एकच, तर उत्तरही त्याच प्रकारात. वेगळे असतील, तर दोघांना सामावणारा निवडतं. इंट८ आणि यूइंट८ मिळून इंट१६ होतो. इंट६४ आणि यूइंट६४ या दोघांना पुरेल असा पूर्णांक प्रकारच नाही, म्हणून फ्लोट६४. त्यात फार मोठे पूर्णांक तंतोतंत राहत नाहीत.

साध्या पायथन आकड्याचा नियम २०२४ मध्ये, नमपाय २.० आलं तेव्हा बदलला. पूर्वी यूइंट८ ॲरेत ३०० मिळवले की आकडा पाहून उत्तर यूइंट१६ मध्ये यायचं. आता सरळ एरर येते. कटकट वाटते खरी, पण गुपचूप चुकण्यापेक्षा बरी.

तेव्हा मित्रांनो, आधी ॲरे इंट१६ करा, मग बेरीज आणि भागाकार, शेवटी पुन्हा यूइंट८. बेरजेनंतर प्रकार बदलून उपयोग नाही. ४४ चे पुन्हा ३०० होत नाहीत.