लव्हाळा लावताना

इंद्रायणीकाठच्या इंदुरी गावातल्या शेतकऱ्याला ‘लव्हाळा कसा लावायचा?’ असं विचारून पाहा. तो तुमच्याकडे काळजीनं बघेल. हरळी, कुंदा आणि लव्हाळा ही त्याची पिढीजात दुखणी. लेरॉय होम आणि सहकाऱ्यांनी १९७७ साली जगातल्या सर्वांत उपद्रवी तणांवर ग्रंथ लिहिला, त्यात पहिला मान याच लव्हाळ्याला, ‘सायपरस रोटंडस’ला, दिला. याच इंद्रायणीच्या काठी, थोडं खाली, देहूत तुकोबांनी मात्र महापुरात टिकून राहतो म्हणून त्याची थोरवी गायली. दोघांचंही खरं आहे, आणि त्याचं कारण मातीखाली आहे.

लव्हाळा दिसतो गवतासारखा, पण गवत नव्हे. दांडा बोटांत फिरवला की तीन कडा लागतात. पानंही तीन रांगांत. मातीत त्याची बारीक खोडं पसरतात, त्यांवर गाठी धरतात, गाठीतून पुढं पुन्हा गाठ, अशी माळच तयार होते. माळ अखंड असली की शेंड्याकडची गाठ फुटते आणि मागच्यांना दाबून ठेवते. माळ तुटली की हा दाब जातो, आणि निजलेल्या गाठी एकेक करून उठतात. म्हणूनच ओल्या रानात नांगर, कुळव घालणं म्हणजे लव्हाळ्याची लागवडच! उन्हाळी नांगरट वेगळी. उघड्या पडलेल्या गाठी उन्हात वाळल्या की मरतात. दाट पिकाची सावलीही त्याला सोसत नाही.

हे सगळं उलटं वाचलं की झाली त्याची जोपासना. भरपूर ऊन, ओलसर माती, पावसाच्या तोंडावर बोटभर खोल पुरलेल्या गाठी. बियांच्या नादी लागू नये, त्या क्वचितच रुजतात. खताचे लाड नकोत. जागा मात्र बंदिस्त हवी: सिमेंटची कुंडी, तीही फरशीवर. प्लास्टिकची पिशवी चालणार नाही; त्याचे टोकदार कोंब प्लास्टिक भोकसून बाहेर येतात. नदीची दरड धरून ठेवायला तो चांगला, पण शेताच्या बांधाला कुणी हौसेनं लावला तर शेजाऱ्याच्या शिव्या रास्तच समजाव्यात.

एवढा खटाटोप गाठींसाठी. आयुर्वेदातली मुस्ता ती हीच. तापातल्या तहानेवर सांगितलेल्या षडंगोदकात ती असते. दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथाही याच कुळातला. बाजारात त्या नावानं ‘सायपरस स्करिओसस’ हे भावंडही येतं. हिवाळ्यात पाती पिवळी पडली की गाठी काढाव्यात, तंतू चोळून टाकावेत, कडकडीत वाळवून कुटाव्यात. म्हणजे या हिवाळ्यातल्या गाठी पुढच्या अभ्यंगस्नानाला.

कुंडीतली उरलेली माती उकिरड्यावर टाकू नये. ती ताडपत्रीवर पातळ पसरून चैत्र-वैशाखाचं ऊन खाऊ द्यावी. चुकलेली एखादी गाठ शेणखताबरोबर खाचराच्या बांधापर्यंत सहज पोचते.