बोर्ड तोच, प्रोसेसर नवा

मदरबोर्डावरच्या सॉकेटमधून जुना प्रोसेसर काढून त्याच जागी नंतरच्या पिढीचा प्रोसेसर बसवणे, हा जुन्या गेमिंग संगणकाला वेग देण्याचा सर्वांत कमी उलथापालथीचा मार्ग आहे. रॅम, एसएसडी, कॅबिनेट, पॉवर सप्लाय, विंडोज आणि साठवलेले गेम जागच्या जागी राहतात. नागपुरात सक्करदऱ्यातल्या किंवा नंदनवनातल्या एखाद्या घरी २०१८-१९ च्या सुमारास सीताबर्डीच्या बाजारातून सुटे भाग आणून जुळवलेला, रायझन ५ २६०० आणि बी४५० बोर्डाचा संगणक असेल, तर त्याला हा मार्ग आजही मोकळा आहे. त्याच काळात घेतलेल्या इंटेलच्या संगणकाला तो फारच अरुंद आहे. याचे कारण सॉकेटच्या इतिहासात सापडते. पण त्याआधी दोष खरोखर प्रोसेसरचाच आहे का, हे तपासावे लागते.

गेममध्ये कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, नकाशाचा पुढचा भाग केव्हा उघडायचा, हे हिशेब प्रोसेसर करतो. चित्र रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. एमएसआय आफ्टरबर्नरसारखे मोफत सॉफ्टवेअर खेळ चालू असतानाच पडद्याच्या कोपऱ्यात दोघांचा वापर दाखवते. कार्डाचा वापर ९५ ते ९९ टक्के असेल, तर कार्ड आपल्या पूर्ण ताकदीने राबते आहे आणि नव्या प्रोसेसरवर घातलेला पैसा वाया जाईल. कार्ड ५०-६० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि खेळ मधूनमधून झटके देत असेल, तर ते प्रोसेसरची वाट पाहत थांबलेले असते. इथे अनेकांची फसगत होते, कारण प्रोसेसरचा एकूण वापर ४० टक्केच दिसतो. त्यातला एखादा कोअर मात्र शंभर टक्क्यांवर पोचलेला असतो आणि बरेच गेम त्या एका कोअरपाशीच अडतात. म्हणून आकडे कोअरनिहाय पाहावेत. आणखी सोपी कसोटी म्हणजे गेमचे रिझोल्युशन आणि चित्राचा दर्जा खाली आणून पाहणे. फ्रेम वाढल्या तर अडचण कार्डाची, तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसरची. रायझन ३ १२०० किंवा आय३-८१०० यांसारख्या चार कोअर, चार थ्रेडच्या प्रोसेसरवर व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्यांना बहुधा दुसरे उत्तर मिळते.

आता सॉकेटकडे वळू. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर पहिले रायझन प्रोसेसर मार्च २०१७ मध्ये आले. २०१८ मध्ये २००० मालिका, जुलै २०१९ मध्ये ३००० मालिका आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ५००० मालिका आली. सॉकेट तेच राहिले, १३३१ पिनांचे. पण प्रोसेसर खाचेत बसला म्हणजे चाललाच, असे नसते. संगणक सुरू होताना बोर्डावरच्या एका छोट्या चिपमधला बायोस प्रोसेसरला ओळखतो, आणि अनेक जुन्या बोर्डांवर या चिपची क्षमता फक्त १६ मेगाबाइट होती. दर पिढीची माहिती तिच्यात भरता भरता जागा अपुरी पडू लागली. मे २०२० मध्ये एएमडीने जाहीर केले, की येणारे प्रोसेसर फक्त ५०० मालिकेच्या बोर्डांवर चालतील. पुढची पिढी बसेल या भरवशावर बी४५० आणि एक्स४७० घेतलेल्या ग्राहकांनी जगभरातून कडक हरकत घेतली आणि त्याच महिन्यात कंपनीला निर्णय फिरवावा लागला. पुढे २०२२ मध्ये २०१७ च्या ए३२०, बी३५० आणि एक्स३७० बोर्डांनाही ही मुभा मिळाली. संगणकाच्या बाजारात ग्राहकांच्या आग्रहाने कंपनीचे धोरण इतके थेट बदलल्याची उदाहरणे थोडी आहेत, आणि त्याचा लाभ आज नागपुरातल्या जुन्या बोर्डांनाही होतो आहे.

या मुभेमुळे २०१७ च्या बोर्डावर तीन पिढ्यांची झेप घेता येते. सहा कोअर आणि बारा थ्रेडचा रायझन ५ ५६०० हा यातला सर्वांत शहाणपणाचा पर्याय आहे. कोअरची संख्या रायझन ५ १६०० इतकीच असली, तरी प्रत्येक कोअर बराच जलद आहे आणि गेमला नेमके तेच हवे असते. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डी मध्ये प्रोसेसरच्या मूळ चिपवर ६४ मेगाबाइटची आणखी एक कॅश चिप चढवलेली आहे. त्यामुळे तिसऱ्या पातळीची कॅश एकूण ९६ मेगाबाइट होते. गेमला वारंवार लागणारी माहिती इतक्या जवळ मिळाल्याने रॅमपर्यंतच्या खेपा कमी होतात आणि फ्रेमची सर्वांत खालची पातळी उंचावते; खेळताना जाणवणारा गुळगुळीतपणा येतो तो यातूनच.

इंटेलची गोष्ट निराळी आहे. २०१५ च्या सहाव्या आणि २०१७ च्या सातव्या पिढीसाठी एलजीए ११५१ हे सॉकेट होते. आठव्या पिढीतही नाव आणि आकार तोच राहिला, पण विजेची जोडणी बदलली; त्यामुळे एच११० किंवा बी२५० बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही. आठव्या पिढीच्या बोर्डाला नववीच्या पुढे जाता येत नाही. एलजीए १२०० वर दहावी आणि अकरावी पिढी आहे, तरी मूळ एच४१० आणि बी४६० बोर्ड अकरावी स्वीकारत नाहीत. एलजीए १७०० ने थोडी मोकळीक दिली: २०२१ च्या बाराव्या पिढीसाठी घेतलेल्या एच६१० बोर्डावर बायोस अद्ययावत केल्यास तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर बसतात. मात्र या दोन पिढ्यांतल्या वरच्या प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजमुळे कायमची अस्थिरता येत असल्याचे २०२४ मध्ये उघड झाले. ऑगस्ट २०२४ पासून इंटेलने त्यावर मायक्रोकोडचे उपाय दिले, पण आधीच बिघडलेला प्रोसेसर त्याने सुधारत नाही. वापरलेला आय७ किंवा आय९ घेताना ही गोष्ट विसरू नये. चौथ्या पिढीच्या आय५ वरून आय७-४७९० वर जाणे शक्य आहे, पण तो प्रोसेसरही विंडोज ११ च्या यादीत नाही. त्यावर फार खर्च करणे पटण्यासारखे नाही.

विंडोजचा मुद्दा वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि रायझन १००० मालिका विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. त्याच बोर्डावर ५००० मालिकेचा प्रोसेसर बसवला, की ही अडचणही मिटते.

खरेदीपूर्वी शेवटचा शब्द दुकानदाराचा किंवा मित्राचा नसून बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या प्रोसेसर-यादीचा असतो. सीपीयू-झेड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बोर्डाचे पूर्ण नाव आणि बायोसची आवृत्ती दिसते. नावातला एखादा शब्दही महत्त्वाचा असतो. एमएसआयच्या बी४५० टोमाहॉक आणि बी४५० टोमाहॉक मॅक्स या दोन बोर्डांत बायोस चिपची क्षमताच वेगळी आहे. गिगाबाइटच्या बोर्डांवर कोपऱ्यात छापलेला रिव्हिजन क्रमांकही जुळवून पाहावा लागतो. यादीत प्रोसेसरसमोर किमान कोणती बायोस आवृत्ती हवी, तेही दिलेले असते.

क्रम चुकला की सगळे अडते: जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करायचा. फाइल एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर घेऊन बोर्डाच्या स्वतःच्या सोयीने ती चढवावी; असुसमध्ये तिला ईझेड फ्लॅश, गिगाबाइटमध्ये क्यू-फ्लॅश, एमएसआयमध्ये एम-फ्लॅश म्हणतात. या काही मिनिटांत वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. उन्हाळ्यातल्या वादळी संध्याकाळी हे काम काढू नये, आणि यूपीएस असल्याशिवाय तर मुळीच करू नये. डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारे विंडोजचे बिटलॉकर चालू असेल, तर ते आधी तात्पुरते थांबवून रिकव्हरी की लिहून ठेवावी. बहुतेक रायझन संगणकांत टीपीएम प्रोसेसरमध्येच असते, त्यामुळे प्रोसेसर बदलल्यावर ही की मागितली जाते आणि ती नसेल तर सारा डेटा कुलूपबंद राहतो.

नागपूरकरांनी निवड करताना उन्हाळा हिशेबात धरलाच पाहिजे. २३ मे २०१३ रोजी शहराचे तापमान ४७.९ अंशांवर गेले होते, आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपासचे दिवस इथे नवे नाहीत. कूलिंग फॅन प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली २८ अंशांवर असताना प्रोसेसर ७५ अंशांवर राहत असेल, तर स्लॅबखालच्या ४० अंशांच्या खोलीत तोच ८७ च्या घरात जातो. ५८००एक्स३डी ची मर्यादा ९० अंशांची आहे. तिच्याजवळ पोचला की तो वेग कमी करून स्वतःला सांभाळतो, म्हणजे पैसे मोजून घेतलेला वेग ऐन सुट्टीत हातचा जातो. त्याची टीडीपी, म्हणजे फॅनने हटवायची उष्णता, १०५ वॉट, तर ५६०० आणि आठ कोअरच्या ५७००एक्स ची ६५ वॉट. एसी नसलेल्या खोलीसाठी ६५ वॉटचा प्रोसेसर हीच शहाणी निवड. स्वस्त ए३२० बोर्डांवर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या व्हीआरएमवर हीटसिंकही नसते, तिथे तर १०५ वॉटचा विचारच करू नये. खसच्या ताट्यांचा कूलर खोलीचे तापमान चांगले उतरवतो, पण त्याचा ओला झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नये.

५६०० सोबत एएमडीचा रेथ स्टेल्थ फॅन मिळतो. ५७००एक्स आणि ५८००एक्स३डी सोबत फॅन येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. नावात ‘जी’ नसलेल्या या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सही नसते. आतापर्यंत २२००जी वर कार्डाशिवाय काम भागत असेल, तर ५६०० बसवल्यावर पडदा काळाच राहील.

बसवण्याच्या कामात सर्वांत नाजूक क्षण येतो तो जुना फॅन काढताना. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात आणि वाळलेली पेस्ट फॅनला इतकी घट्ट धरते, की फॅन सरळ वर ओढला तर प्रोसेसर बंद सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी संगणकावर थोडा वेळ गेम चालवून पेस्ट मऊ होऊ द्यावी. मग संगणक बंद करून प्लग काढावा, फॅनचे स्क्रू किंवा पकड सोडवावी आणि फॅन डावीकडे-उजवीकडे हळू फिरवत सुटा करावा. सॉकेटची दांडी वर करून प्रोसेसर उचलावा. नव्या प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवला, की तो आपल्या वजनानेच खाली बसतो. वरून दाबायचे नसते. इंटेलमध्ये पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, तिथे बोटही लागू देऊ नये. फॅनचा तळ जुना असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून प्रोसेसरच्या मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट घालावी. रेथ स्टेल्थच्या तळाला पेस्ट आधीच लावलेली असते. फॅनची वायर बोर्डावर ‘सीपीयू फॅन’ असे लिहिलेल्या जागी जोडायची राहिली, तर बोर्ड सुरू होताना इशारा देतो.

पहिल्यांदा सुरू होताना संगणक नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतो, घाबरू नये. बायोस अद्ययावत केल्यावर जुन्या सेटिंग पुसल्या जातात आणि ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर चालू लागते. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी हे रॅमच्या वेगाचे सेटिंग पुन्हा चालू केल्याशिवाय नव्या प्रोसेसरचा पूर्ण लाभ दिसत नाही. विंडोजचा परवाना मुख्यतः बोर्डाशी बांधलेला असल्याने तो बहुधा तसाच राहतो. शेवटी सिनेबेंच ही प्रोसेसरची चाचणी दहा मिनिटे चालवून एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमान पाहावे, शक्यतो दुपारी.

बोर्ड राखण्याचा आर्थिक लाभ अलीकडे वाढला आहे. नव्या एएम५ सॉकेटवर फक्त डीडीआर५ रॅम चालते आणि २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव झपाट्याने चढले. घरात असलेली १६ जीबी डीडीआर४ म्हणूनच सांभाळण्याजोगी आहे. सुटलेला प्रोसेसर नव्याची खात्री पटेपर्यंत नव्याच्या प्लास्टिक डबीत पिना न दुखावता ठेवावा. त्यानंतर तो विकता येतो किंवा कुणाच्या त्याहून जुन्या एएम४ संगणकात बसवता येतो. खरोखर बंद पडलेला असेल तर तो भंगारवाल्याकडे न देता, ई-कचरा नियम २०२२ नुसार नोंदणी झालेल्या पुनर्चक्रण केंद्राकडे सोपवावा.