लाल मातीची पोती कशाला?

गुलाबाच्या शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्याच राहतात. पुणे, नगर, सोलापूरकडच्या बागांत हे सर्रास दिसतं. लोह कमी पडलं, असं त्याचं निदान होतं आणि ते झाडापुरतं बरोबरही असतं. मातीत मात्र लोह भरपूर आहे, कारण दख्खनची काळी माती लोहयुक्त बेसॉल्ट खडकापासूनच बनली आहे. अडचण सामूची आहे. गुलाबाला साधारण ६ ते ६.५ सामू मानवतो, तर चुनखडीच्या काळ्या मातीचा बहुधा ७.५ ते ८.५ भरतो. एवढ्या सामूला लोह पाण्यात विरघळत नाही आणि मुळांच्या वाट्याला येत नाही.

यावर रूढ तोडगा म्हणजे लाल माती. कुंडीपुरती ती ठीक. पण अख्ख्या सोसायटीच्या बागेसाठी ट्रकच्या ट्रक ओतायचे, तर त्यासाठी कुठला तरी डोंगर खरवडला जातो. शिवाय अन्नद्रव्यं धरून ठेवण्यात काळी मातीच सरस. मग तिलाच सुधारलेलं काय वाईट? त्यासाठीचं कंपोस्ट बहुतेक ठिकाणी आवारातच होऊ शकतं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांना ओला कचरा शक्यतो जागच्या जागी जिरवायला सांगितलं.

काळ्या मातीचे कण अतिशय बारीक आणि चपटे. पाणी मिळालं की ते फुगतात, वाळले की आकसतात. भेगा पडतात आणि गुलाबाची तंतुमुळं तुटतात. कंपोस्टवर पोसलेले जिवाणू चिकट द्रव्यं सोडतात, बुरशीचे धागे कणांना गुंफतात आणि माती रवाळ होते. हे घरीही पाहता येतं. दोन वाफ्यांतली वाळलेली ढेकळं पाण्याच्या दोन ग्लासांत अलगद सोडावीत. उपाशी मातीचं ढेकूळ काही मिनिटांत विरून पाणी गढूळ करतं. वर्षानुवर्षं कंपोस्ट खाल्लेलं बराच वेळ आकार धरून राहतं. लोहाचंही काम होतं. सामू फारसा उतरत नाही, पण कंपोस्टमधली सेंद्रिय द्रव्यं लोहाला विद्राव्य रूपात धरून ठेवतात.

खत मुरलेलं मात्र हवं. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूरला बसवलेली आणि १९३१ मध्ये पुस्तकरूपानं मांडलेली पद्धत आजही वाचण्याजोगी आहे: काडीकचरा, शेण आणि गोमूत्र मुरलेली माती यांचे थर, ठरावीक अंतरानं पालटणी आणि सुमारे तीन महिन्यांत खत. आज सोसायटीतल्या ढिगाला वास सुटतो, कारण त्यात नुसता स्वयंपाकघरातला ओला कचरा असतो. कर्ब आणि नत्राचं प्रमाण तीसास एकच्या आसपास यायला भरपूर पालापाचोळा लागतो. तोच पाला जाळणारी सोसायटी आपलंच खत जाळत असते. ढीग ५५ ते ६५ अंश तापला की तणांचं बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात. कच्चं खत घातलं तर ते कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र आधी स्वतःच वापरतात. शंका असेल तर थोड्या खतात मेथी पेरावी. ती नीट उगवली नाही तर ढीग अजून मुरू द्यावा.

नव्या वाफ्यावर दोन इंचांचा थर, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ५० लिटर, वीतभर खोल मिसळावा. केवळ खड्डा खताने भरू नये; भोवतीच्या चिकण मातीत तिथे पाणी साचून मुळं कुजतात. पुढे दरवर्षी ऑक्टोबरच्या छाटणीनंतर आळ्यात इंचभर पुरतं, कारण आपल्या उन्हाळ्यात सेंद्रिय कर्ब झपाट्यानं जळतो. माती परीक्षणात तो ०.५ टक्क्यांखाली आला तर कमीच समजतात. मोठ्या झाडांभोवती खणण्याची गरज नाही. खोडापासून वीतभर सोडून वरच पसरावं, उरलेलं काम गांडुळं करतात. बोगनवेलीला मात्र हात आखडता घ्यावा. नत्र जास्त झालं की ती पानांनी भरते आणि फुलं कमी धरते.