युरियाच्या एका बॅगेतला हायड्रोजन

(रिठद, जि. वाशिम येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

हायड्रोजन म्हटलं की लोकांना गाड्या आठवतात. आम्ही सुरुवात युरियापासून करतो, कारण त्या रूपात हायड्रोजन तुमच्या घरी आधीच येतोय. सोयाबीनला युरिया फारसा लागत नाही, मुळांवरच्या गाठी नत्राचं बघून घेतात. पण कपाशीला, गव्हाला बॅग आणावीच लागते. ४५ किलोच्या बॅगेत ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. तेवढ्या नत्राचा अमोनिया करायला जवळजवळ साडेचार किलो हायड्रोजन लागतो. आज तो नैसर्गिक वायूतून काढतात, अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यातही. आणि देशाला लागणारा बराचसा वायू बाहेरून येतो.

हायड्रोजन पाण्यातही आहे. नऊ लिटरमध्ये एक किलो. तो उन्हानं सुटा करता येईल का?

जपानमध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये दाखवलं की येतो. त्यांनी वापरलं टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे पांढऱ्या रंगाच्या डब्यात असतो तोच पदार्थ, आणि जोडीला प्लॅटिनम. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन उडी मारतो, मागे रिकामी जागा राहते. इलेक्ट्रॉननं हायड्रोजन सोडवायचा, रिकाम्या जागेनं ऑक्सिजन. अडचणी दोन. हा पांढरा पदार्थ फक्त अतिनील किरण खातो, आणि उन्हात ते शंभरात चार-पाच भागच. दुसरी मोठी : इलेक्ट्रॉन आणि रिकामी जागा काम करण्याआधीच पुन्हा एकमेकांना भेटतात. मग सगळी मेहनत उष्णतेत जाते.

प्लॅटिनम इथे उपयोगी पडतं. इलेक्ट्रॉनला ते आपल्याकडे ओढून घेतं, आणि हायड्रोजनला धरतं तेही बेतानं : फार घट्ट नाही, फार सैल नाही. पण ते महाग. म्हणून आम्ही विचारतो, कमीत कमी किती लागेल?

पहिली गोष्ट, प्लॅटिनमच्या जाड कणात आतले अणू नुसते बसून असतात. काम पृष्ठभागावरचेच करतात. कण जितका बारीक, तितके फुकट बसणारे कमी. दुसरी गोष्ट आम्हाला फार आवडते. धातू कुठे बसवायचा हे उन्हालाच ठरवू द्यायचं! धातूचा क्षार पाण्यात विरघळवून प्रकाश टाकला, तर इलेक्ट्रॉन जिथून बाहेर पडतो नेमका तिथेच धातू जमतो. नको तिथे एक कणही जात नाही, असं नाही म्हणणार, पण बराच वाचतो. आणि जास्त घातल्यानं फायदाही नाही. काळा धातू प्रकाश अडवतो, शिवाय प्लॅटिनम तयार झालेल्या हायड्रोजन-ऑक्सिजनचं परत पाणी करून टाकतं. त्यावर उपाय म्हणून जपानमध्येच दोमेन यांच्या गटानं धातूच्या कणावर क्रोमियम ऑक्साइडचं पातळ कवच चढवलं.

प्लॅटिनमला पर्यायही आहेत. मोलिब्डेनम डायसल्फाइड घ्या. ट्रॅक्टरच्या काही काळ्या ग्रीसमध्ये असतं ते. त्याचे थर पानासारखे. पानाचा सपाट भाग जवळजवळ निकामी, काम होतं ते कडांवर. तेव्हा कडा जास्त येतील असा पदार्थ घडवायचा. निकेल सल्फाइडही चालतं.

आपल्या पुण्यातलं काम वेगळ्या वाटेचं. सी-मेट संस्थेतले डॉ. भरत काळे यांनी कोरियातल्या सहकाऱ्यांबरोबर २००६ मध्ये कॅडमियम इंडियम सल्फाइडची चक्क झेंडूच्या फुलासारखी रचना प्रसिद्ध केली. ती दृश्य प्रकाशावर चालते, आणि फोडते पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड. तेलशुद्धीकरणात निघणारा हा विषारी वायू फोडायला पाण्याच्या सातव्या हिश्श्याइतकीच ऊर्जा लागते. एरवी त्याचं गंधक काढून घेतात आणि हायड्रोजन पाणी होऊन जातो. हुशारीची वाट आहे. पण इंडियमही स्वस्त नाही, आणि कॅडमियम शेताच्या आसपास नकोच. ते रिफायनरीच्या कुंपणात बंदिस्त राहिलं तरच आम्ही हो म्हणू.

आता हिशेब. २०२१ मध्ये दोमेन यांच्याच गटानं १०० चौरस मीटर पाट्यांवर पाणी फोडून दाखवलं. म्हणजे आपला साधारण एक गुंठा. उन्हाची ऊर्जा हायड्रोजनमध्ये जास्तीत जास्त ०.७६ टक्के उतरली. दिवसाला चौरस मीटरवर पाच युनिट ऊन धरलं, तर त्या गुंठ्यात एका बॅगेपुरता हायड्रोजन जमायला ३९-४० दिवस लागतील. पाच टक्के साधले तर सहा दिवस. आजच्या घडीला सोलर पॅनेलची वीज घेऊन पाणी फोडणं यापेक्षा कितीतरी पुढे आहे. पाट्यांची आशा एवढीच की त्या पत्र्यासारख्या स्वस्त होतील, आणि त्यासाठीच धातूचा एकेक ग्रॅम वाचवायचा.

आणखी एक, जे सहसा सांगितलं जात नाही. उन्हातून हायड्रोजन आला तरी त्यातून अमोनिया होतो, युरिया नाही. युरियाला कार्बन डायऑक्साइड लागतो, आणि आज तो त्याच नैसर्गिक वायूतून मिळतो. वायू बंद केला की कार्बन दुसरीकडून आणायचा, नाहीतर बॅगेत युरियाऐवजी अमोनियम सल्फेटसारखं दुसरं नत्रखत भरायचं.