धरण कागदावर कसे मावते?

वैनगंगेच्या काठी, भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात, गोसीखुर्दचे धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले. धरणाची लांबी सुमारे ११,३५० मीटर. उंची मात्र सुमारे २२.५ मीटर. त्याला ३३ दरवाजे आहेत. समजा, या धरणाचा नकाशा संगणकावर काढून एका कागदावर छापण्याचे काम तुमच्याकडे आले. तुम्ही तो केवढा काढाल?

कागदावर हाताने नकाशा काढणाऱ्याला पहिली रेघ ओढण्यापूर्वीच प्रमाण ठरवावे लागते. संगणकावर तसे नसते. तेथे धरण खऱ्या मापानेच काढतात! ११,३५० मीटरच्या भिंतीसाठी ११,३५० हाच आकडा द्यायचा. संगणकातील जागेला काठ नाही, त्यामुळे काहीही लहान करावे लागत नाही. प्रमाणाचा प्रश्न येतो तो छापताना, कारण कागदाला काठ असतात.

अभियंत्यांचा ए-१ कागद ८४१ मिलिमीटर लांब व ५९४ मिलिमीटर रुंद असतो. समास सोडून ८०० मिलिमीटर उरले असे धरू. ११,३५० मीटरला ०.८ मीटरने भागले की १४,१८७ येतात. म्हणजे नकाशा निदान इतक्या पटीने लहान हवा. हिशेबाला सोपे म्हणून १:२०,००० हे प्रमाण घेऊ. आता भिंत ५६७.५ मिलिमीटर लांब येईल. छान मावली! पण उंची? ती येते जेमतेम १.१ मिलिमीटर. सुमारे १८ मीटर रुंदीचा दरवाजा तर ०.९ मिलिमीटरचा ठिपका होतो. दरवाजा नीट दिसावा म्हणून १:१०० प्रमाण घेतले, तर तो १८० मिलिमीटरचा होईल, पण सबंध धरणाला साडेअकराशे नव्हे, तब्बल १,१३,५०० मिलिमीटर, म्हणजे ११३.५ मीटर लांबीचा कागद लागेल!

यातून वाट कशी काढायची? ऑटोकॅड ही आलेखनप्रणाली १९८२ मध्ये बाजारात आली. तिच्या १९९० च्या आवृत्तीत यासाठी एक युक्ती आली. संगणकात एक कोरा कागद मांडायचा. त्याला आज लेआउट म्हणतात. त्या कागदाला खिडक्या पाडायच्या. प्रत्येक खिडकीतून तेच खऱ्या मापाचे धरण दिसते, पण वेगवेगळ्या अंतरावरून पाहिल्यासारखे. एका खिडकीत १:२०,००० प्रमाणाने सबंध भिंत, दुसरीत १:१०० प्रमाणाने एकच दरवाजा. धरण एकदाच काढायचे. प्रमाण मात्र खिडकीगणिक ठरवायचे.

येथे नवशिक्या हमखास फसतो. धरण मीटरमध्ये काढलेले, कागद मिलिमीटरमध्ये मोजलेला. १:१०० म्हणजे खऱ्या १ मीटरला कागदावर १० मिलिमीटर. म्हणून खिडकीला सांगायचा आकडा १०. एक शतांश नव्हे. १:२०,००० साठी तो ०.०५ होतो.

अक्षरांचीही गंमत पाहा. छापील अक्षर ३ मिलिमीटर उंच हवे असेल आणि ते धरणाच्या चित्रातच लिहायचे असेल, तर १:२०,००० साठी ते ६० मीटर उंच काढावे लागेल, म्हणजे धरणाच्या अडीच पटींहून उंच! म्हणून मथळे आणि टिपा खिडकीत न लिहिता सरळ लेआउटच्या कागदावर लिहिणे सोयीचे.

आता सर्वांत जपण्याची गोष्ट. छापताना ‘कागदात बसवा’ अशी आज्ञा दिली, तर संगणक मुकाट्याने नकाशा लहान करतो. ए-१ चा नकाशा ए-३ कागदावर छापला की प्रत्येक लांबी निम्मी होते. कोपऱ्यात १:२०,००० लिहिलेले तसेच राहते, खरे प्रमाण मात्र १:४०,००० झालेले असते. वाचणारा १० मिलिमीटर मोजून २०० मीटर समजतो. प्रत्यक्षात अंतर ४०० मीटर असते! यावर उपाय म्हणजे नकाशावर मीटरच्या खुणांची प्रमाणपट्टी काढणे. नकाशा आक्रसला की तीही तेवढीच आक्रसते, त्यामुळे ती खोटी ठरत नाही.

प्रमाणाचा संबंध माणसांशीही असतो. गोसीखुर्द जलाशयाची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून २४५.५ मीटर आहे. त्या पातळीची रेघ नकाशावर अर्धा मिलिमीटर जाड काढली, तर १:२०,००० प्रमाणात ती जमिनीवरची १० मीटर रुंदीची पट्टी व्यापते. एखादे घर त्या पट्टीत आले, तर ते पाण्यात की पाण्याबाहेर, हे असा नकाशा सांगूच शकत नाही. १:१,००० प्रमाणात तीच रेघ अर्धा मीटरच व्यापते. पण नकाशा नुसता मोठा छापून भागत नाही. मुळातली मोजणीही तितकीच बारकाईने झालेली हवी. पडद्यावर चित्र कितीही मोठे करता येते, मोजणीतील चूक मात्र त्याने कमी होत नाही.

करून पाहा : तुमचा वर्ग मोजा. तो ८ मीटर लांब व ६ मीटर रुंद असेल, तर १:५० प्रमाणाने १६० व १२० मिलिमीटरचा आयत येईल. खाली १ मीटरच्या, म्हणजे २० मिलिमीटरच्या, खुणांची प्रमाणपट्टी काढा. मग त्याची लहान आकाराची झेरॉक्स प्रत काढून दोन्हींवर वर्गाची लांबी मोजा. लिहिलेले प्रमाण खरे ठरते की पट्टी, हे तुम्हीच सांगा.