धान घरी, नाटक दारी

पावसाळा सरत आला की वडशाचा मुख्य रस्ता फलकांनी भरून जातो. डोळ्यांत पाणी आणलेली सून, मिशीला पीळ देणारा पाटील, हात जोडून उभी म्हातारी, कोपऱ्यात तोंड वेंगाडणारा विनोदी नट आणि या सगळ्यांच्या डोक्यावर लाल-पिवळ्या ठसठशीत अक्षरांत नाटकाचं नाव. गोंदिया-बल्लारशाह रेल्वेमार्गावरचं हे गडचिरोली जिल्ह्यातलं गाव. सरकारी कागदावर देसाईगंज, लोकांच्या तोंडी वडसा. एरवी ते धानाचं, राइस मिलचं आणि बाजाराचं गाव असतं. दिवाळीपासून होळीपर्यंत मात्र सगळ्या झाडीपट्टीची नाटकं इथून सुटतात.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतला, वैनगंगेच्या दोन्ही काठांचा धानाचा नि जंगलाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. पन्नासहून अधिक नाट्यमंडळ्या इथं दरवर्षी हंगाम करतात. मुंबई-पुण्यात व्यावसायिक नाटकाला प्रेक्षक मिळेना म्हणून परिसंवाद भरतात, तेव्हा इकडे थंडीच्या कडाक्यात माणसं कानाला मफलर बांधून, पोराबाळांसह पहाटेपर्यंत तिकिटाचं नाटक बघत असतात. याचं रहस्य शोधायला फार लांब जायला नको. इथं नाटक मंडळी ठरवत नाही, गाव ठरवतं. कोणतं, कधी, कितीला, सगळं गावच्या हातात.

दसरा झाला की गावोगावच्या मंडळांची पोरं मोटरसायकलींवरून वडशात उतरतात. मंडळ्यांची कार्यालयं म्हणजे एकेक गाळा. आत टेबल, तारखांची वही, भिंतीवर यंदाच्या नाटकांची पोस्टरं. सौदा बैलबाजाराला शोभेल असाच चालतो. लेखक कोण? विनोदी भूमिकेला कोण आहे? गाणारी नटी नागपूरची की मुंबईची? लावणी आहे ना? शेजारच्या गावाला हेच नाटक दिलं असेल तर आम्हाला दुसरं द्या. मग तारीख. ती गावानं आधीच धरलेली असते, कारण ती मंडईची किंवा पटाची तारीख असते. सगळं जुळलं की इसार हातावर पडतो, वहीत नोंद होते. अशा शेकडो नोंदींमधून वडशाचा हंगाम उभा राहतो. मंडळीला आपलं वेळापत्रक आपल्या मनानं जाहीर करायची सोयच नाही.

मंडई म्हणजे भाऊबीजेपासून गावोगाव भरणारी जत्रा. आजूबाजूची गावं तारखा मागंपुढं ठेवतात, म्हणजे पाहुण्यांना एकमेकांकडे जाता येतं. लेकी माहेरी येतात, जावई येतात, सोयरिकीची बोलणी होतात. पुढं थंडीत शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती. दिवसा पट, रात्री नाटक, ही इथली जुनी जोडी. पाहुणा पटासाठी आला तर त्याला रात्री झोपवणार कुठं? घरात जागा नसते. मग रात्रभर नाटक ठेवलं की पाहुण्यांचीही सोय लागते आणि गावाचंही नाव होतं. त्यातच आणखी एक हिशेब होता. शेजारगावाहून बैलबंडीनं आलेल्या माणसांनी मध्यरात्री जंगलातून परतण्यापेक्षा उजाडल्यावर निघणं शहाणपणाचं. ब्रह्मपुरीच्या जंगलात वाघ आजही आहे. नाटक पहाटेपर्यंत चालण्यामागं कलेइतकाच हा व्यवहारही आहे.

या सगळ्याचा पाया धान आहे. हलकं धान दिवाळीच्या आसपास हाती येतं, भारी धान त्यानंतर. कापणी, बांधणी, मळणी उरकली की शेतकऱ्याला उसंत मिळते आणि विक्रीचे चुकारे झाले की खिशात पैसा येतो. म्हणून हंगामाचा अंदाज घ्यायचा तर आधी बांध्यांकडे बघावं. अवकाळी पावसानं कडपा भिजल्या, तुडतुड्यानं धान फस्त केलं किंवा खरेदी केंद्रावरचे चुकारे रखडले, की त्याचा फटका वडशातल्या वहीपर्यंत पोचतो. मंडळीचा मालक आणि शेतकरी एकाच आभाळाकडे बघत असतात.

या रंगभूमीची मुळं दंडार आणि खडी गंमत या लोकप्रकारांत आहेत. दंडारीत गावातलीच माणसं सोंगं घेत, बाईचं कामही पुरुषच करत. पुढं संगीत नाटकाची हवा इकडे आली, तशी गावातल्या हौशी मंडळींनी पौराणिक, ऐतिहासिक नाटकं बसवायला सुरुवात केली. रंगवलेले पडदे आले, पायपेटी आली, पदं आली. गावचा शिक्षक दिग्दर्शक, गावचा पाटील राजा, आणि नाजूक चेहऱ्याचा एखादा पोरगा राणी. हळूहळू बाहेरून नट्या येऊ लागल्या, पैसे देऊन कलावंत आणायची चाल पडली आणि हौशीतून धंदा उभा राहिला. तरी जुनी हौस पुरती गेलेली नाही. आजही कुठं कुठं गावची मंडळी स्वतः नाटक बसवतात आणि फक्त नट्या, वादक नि पडदे भाड्यानं आणतात.

प्रयोगाची जागा बघण्यासारखी असते. धानाच्या रिकाम्या बांधीत किंवा गावाबाहेरच्या मैदानात कापडी पेंडॉल उभा राहतो. कित्येक ठिकाणी जमीन उतरती खोदून घेतात, म्हणजे मागं बसलेल्यालाही पुढच्याच्या डोक्यावरून दिसतं. खोदलेली माती पुढं टाकून रंगमंचाचा ओटा होतो. खुर्चीचं तिकीट वेगळं, जमिनीवरचं वेगळं. जमिनीवाले घरून चादरी, घोंगड्या आणतात. बाहेर चहाच्या टपऱ्या, भज्यांच्या कढया, फुगेवाले. रंगमंचावर वरून माईक टांगलेले. ते नटाकडे येत नाहीत, नटाला त्यांच्याकडे जावं लागतं. त्यामुळे इथला जाणता नट कुठंही वळला तरी महत्त्वाचं वाक्य माईकखाली येऊनच टाकतो. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड यांचा ताफा समोर बसतो आणि नाटकातल्या प्रत्येक धक्क्याला ठोका देतो. दार उघडलं, ठोका. चिठ्ठी सापडली, ठोका. सासऱ्यानं सुनेकडे बघितलं, दोन ठोके.

पण खरा खेळ चालतो तो प्रॉम्प्टरच्या वहीवर. मंडळीकडे तालमीला वेळ बेताचाच असतो. बाहेरगावचा नट कधी कधी त्याच संध्याकाळी उतरतो, प्रवेशांची यादी बघतो, रंग लावतो आणि उभा राहतो. प्रॉम्प्टर वही उघडून प्रत्येक वाक्य अर्धी मात्रा आधी पुरवतो. कोणत्या नटाला पहिला शब्द पुरतो, कोणाला अख्खं वाक्य द्यावं लागतं, कोण स्वतःच्या पदरचं घालून पुन्हा वाटेवर येतो, हे त्याला पाठ असतं. हशा पिकला की तो थांबतो, टाळी ओसरली की सुरू करतो. एखाद्यानं दोन पानं गाळलीच तर तो वादकांना खूण करून गाण्यावर आणतो आणि गाण्याच्या आडोशानं नाटक रुळावर घेतो. कधी त्याचा आवाज माईक पकडतो आणि प्रेक्षकांना एकच वाक्य दोनदा ऐकू येतं. त्याचं कुणाला काही वाटत नाही. शहरी समीक्षकाला हा कच्चेपणा वाटेल. पण पाठांतराचा आधार नसताना समोरच्या नटाचं ऐकत, तोल सांभाळत रात्र काढणं हे वेगळंच कसब आहे, आणि ते कुठल्या नाट्यशाळेत शिकवत नाहीत.

नाटकं बहुतेक तीन अंकी, कौटुंबिक नि सामाजिक. भावाभावांतली वाटणी, हुंडा, दारू, अंधश्रद्धा, सावकार, शिकून गाव विसरलेला मुलगा. गंभीर कथानकाच्या बरोबरीनं विनोदाचा दुसरा पदर चालतो, आणि त्यातली पात्रं बहुधा अस्सल झाडीबोलीत बोलतात. मध्येच लावणी येते, कथेशी संबंध असो वा नसो. ठोकळेबाज संहिताही पुष्कळ, तरी या चौकटीतून जोरकस लेखन झालेलं आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नवरगावचे लेखक-दिग्दर्शक सदानंद बोरकर यांनी ‘आत्महत्या’ या नाटकातून शेतकऱ्याच्या मरणाचा विषय थेट शेतकऱ्यांच्याच पुढ्यात मांडला. ज्या प्रेक्षकाच्या घरात कर्जाचा कागद पडलेला आहे, त्याच्यासमोर असा प्रयोग करायला धाडस लागतं. तिथं खोटी हळहळ एका मिनिटात उघडी पडते.

नटांमध्ये परशुराम खुणे यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे शेतकरी, विनोदी भूमिकांचे बादशहा. 800 नाटकांतून 5000हून अधिक प्रयोगांत त्यांनी काम केलं आणि 2023 साली त्यांना पद्मश्री मिळाली. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तला त्यांचा तळीराम जुने प्रेक्षक अजून आठवतात. मुंबईच्या नाट्यसृष्टीचा वारा न लागता, आयुष्यभर बांध्यांमधल्या पेंडॉलांत उभा राहिलेला नट दिल्लीपर्यंत पोचला, याचा इथं घरच्यासारखा अभिमान आहे. त्याआधी 2022 मध्ये तृषांत इंगळे यांच्या ‘झॉलीवूड’ या चित्रपटानं या दुनियेची ओळख बाहेरच्यांना करून दिली.

संकटं या रंगभूमीनं कमी पाहिली नाहीत. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलांच्या शर्यती थांबल्या आणि पटाच्या निमित्तानं होणाऱ्या नाटकांचं निमित्तच गेलं. हंगाम बसेल, असं तेव्हा पुष्कळांना वाटलं होतं. गावांनी मंडई धरली, इतर सणवार धरले, आणि कुठं कुठं नुसतं नाटकच ठेवलं. डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयानं शर्यतींना अटींसह परवानगी दिली, मे 2023 मध्ये राज्याचा कायदा घटनापीठानं ग्राह्य धरला आणि पट परत आला. मधल्या काळात एक गोष्ट सिद्ध झाली. नाटक पटाच्या आश्रयाला होतं हे खरं, पण पटाविना ते मेलं नाही. 2020च्या हंगामाला मात्र कोरोनानं ग्रासलं. हातावर पोट असलेल्या वादकांना, पडदेवाल्यांना, नट्यांना ते वर्ष फार जड गेलं.

कारण एका प्रयोगावर किती चुली पेटतात, ते मोजायला हवं. नट, वादक, प्रॉम्प्टर, रंगभूषावाला, दिवे आणि ध्वनीवाला, पेंडॉलवाला, ट्रकचा चालक, पोस्टर छापणारा, तिकिटं छापणारा, गावातला चहावाला. सरकारी अनुदानाच्या भरवशावर हा डोलारा उभा राहिलेला नाही. तिकिटाचा गल्ला गावच्या मंडळाचा. चार पैसे उरले तर ते देवळाला, शाळेला किंवा पुढच्या वर्षीच्या नाटकाला. तोटा आला तर पोरं वर्गणी काढून फेडतात, आणि पुढच्या दसऱ्याला पुन्हा वडशात हजर.

कौतुकाबरोबर दोन खडे बोलही ऐकवायला हवेत. लावणीच्या नावाखाली नाटकात घुसलेला धांगडधिंगा अनेक ठिकाणी नाटकालाच खाऊ लागला आहे, आणि नवे लेखक त्याला मान तुकवतात. दुसरं असं की या नाटकांच्या संहिता बहुतांशी प्रॉम्प्टरच्या वह्यांतच राहतात. हंगाम संपला की वही फडताळात, दोन वर्षांनी वाळवीच्या तोंडी. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोली आणि इथल्या लोककलांच्या नोंदीसाठी आयुष्य वेचलं. त्या तोडीचं काम या वह्यांसाठी झालं पाहिजे. विद्यापीठांनी इथं परिसंवाद भरवण्याऐवजी वह्या गोळा केल्या तरी पुष्कळ होईल. नट्यांची राहण्याची, कपडे बदलण्याची सोयही मंडळ्यांनी आणि गावांनी मनावर घ्यावी. रात्रभर रंगमंच तोलून धरणाऱ्या बाईला ताडपत्रीच्या आडोशाला उभं राहावं लागणं शोभत नाही.

हे सगळं धरूनही माझं मत पक्कं आहे. आज महाराष्ट्रात नाटक ही गावाची स्वतःची गरज म्हणून जिथं टिकून आहे, अशा मोजक्या जागांत झाडीपट्टीचा क्रमांक वरचा आहे. इथला प्रेक्षक पाहुणा म्हणून येत नाही, यजमान म्हणून बसतो. म्हणून तो खुल्या मनानं रडतो आणि नाटक पडलं तर मंडळीला तोंडावर सुनावतोही.

तेव्हा वाचकहो, यंदा दिवाळीनंतर चार दिवसांची सवड काढा. रेल्वेनं वडशाला उतरा, रस्त्यावरची पोस्टरं वाचा, कोणत्याही कार्यालयात डोकावून आज रात्री कुठं कोणतं नाटक आहे ते विचारा. सोबत स्वेटर, कानटोपी आणि अंथरायला चादर ठेवा. जेवून निघा. तिकीट विकत घ्या, फुकटचा पास मागू नका. आणि बसायचं तर जमिनीवर, माणसांच्या मधोमध बसा. नाटक तिथूनच नीट दिसतं.